ठिपका आणि टेन्शन

काही काळापूर्वी वाशीम जिल्ह्यातील एका शाळेत ताणतणावावरील व्याख्यान ऐकण्याचा योग आम्हाला आला. वक्त्यांनी उंदराच्या मेंदूच्या छेदाचे मोठे चित्र लावले होते. त्यात एकच तांबडा ठिपका. "टेन्शन इथे तयार होते," असे त्यांनी सांगितले. दहावीच्या एका मुलाने विचारले, "सर, मंग तो ठिपका काढून टाकला तं टेन्शन जाईन का?" हशा पिकला आणि प्रश्न तिथेच राहिला. आमच्या मते त्या दुपारी विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. म्हणून त्या चित्राची येथे परीक्षा करू.

चित्रात खरे किती? मेंदूच्या तळाशी अधश्चेतकात, म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये, चेतापेशींचा एक लहान पुंजका असतो. त्यातील काही पेशी सीआरएच नावाचे संप्रेरक बनवतात. ते पीयूषिका ग्रंथीला चेतवते, पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि मग रक्तात ताणाचे संप्रेरक उतरते: माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. अमेरिकेतील सॉल्क संस्थेत विली व्हेल व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मेंढ्यांच्या अधश्चेतकातून सीआरएच वेगळे करून त्याची ४१ अमिनो आम्लांची साखळी उलगडली. इथपर्यंत ठिपका बरोबर आहे.

चूक आहे ती 'एकच' या शब्दात. १९८३ मध्ये लॅरी स्वॉन्सन आणि व्हेल यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत या पेशी कुठे कुठे आहेत याचा नकाशा प्रसिद्ध केला. अधश्चेतकाबाहेर, भीतीशी संबंधित अमिग्डालात, मेंदूच्या बाह्यकात आणि मस्तिष्कस्तंभातही त्या सापडल्या. पुढील कामात लघवीवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रकात आणि अनुमस्तिष्काकडे धागे पाठवणाऱ्या लंबमज्जेतील समूहातही त्या दिसल्या. लघवी आणि शरीराचा तोल यांना कोणी टेन्शन म्हणणार नाही. एकच रेणू जागा बदलली की काम बदलतो. उलट, टेन्शनलाही एकच रेणू पुरत नाही. दारू बंद केल्यावर उंदरांत येणाऱ्या अस्वस्थतेत अमिग्डालातील कार्ट नावाच्या दुसऱ्याच पेप्टाइडाचा वाटा असल्याचे नागपूर विद्यापीठातील निशिकांत सुभेदार यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले.

नकाशा कसा काढला, हेही पाहिले पाहिजे. पेशीत बनलेले पेप्टाइड लगेच धाग्यातून पुढे जाते, त्यामुळे पेशीच्या मुख्य भागात ते फारसे सापडत नाही. म्हणून उंदरांना कॉल्चिसिन देत. कांद्याच्या मुळावरील प्रयोगामुळे शिक्षकांना ते परिचित आहे. पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीतही ते असते. त्याने पेशीतील वाहतूक थांबते, माल साठतो आणि पेशी उठून दिसते. पण कॉल्चिसिन हे विष आहे; त्याचाच उंदराला ताण होतो आणि काही पेशींतील पेप्टाइडनिर्मितीही बदलते. ताणाच्या पेशी शोधण्यासाठी आधी ताण द्यायचा, ही या पद्धतीची मर्यादा.

आता जनुकांत बदल करून सीआरएच बनवणारी पेशी कायमची चमकती ठेवता येते. हे नकाशे अधिक भरगच्च असतात. मात्र ज्या पेशीने जन्मापूर्वी थोडा काळ सीआरएच बनवले आणि नंतर थांबवले, तीही त्यांत चमकते. पहिला नकाशा 'आज कोण बनवते' हे सांगू पाहतो, दुसरा 'कधीतरी कोणी बनवले' हे. शिवाय पहिला 'रॅट'चा, दुसरा बहुधा 'माऊस'चा. मराठीत आपण दोघांनाही उंदीर म्हणतो, म्हणून आपण अधिक सावध राहायला हवे.

आणि माणूस? सीआरएचची साखळी माणसात आणि रॅटमध्ये तंतोतंत सारखी आहे. या साम्यावर विसंबून सीआरएचचा परिणाम रोखणारी अनेक औषधे नैराश्यासाठी तपासली गेली. उंदरांत आशा दिसली, रुग्णांत ती टिकली नाही. त्यांपैकीच एक, क्रिनेसरफाँट, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, पण अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारासाठी. ठिपक्यापासून ग्रंथीपर्यंतची साखळी खरी होती; ठिपका म्हणजे दुःख, हे समीकरण खरे नव्हते.

त्या मुलाला उत्तर द्यायचे तर असे: ठिपका काढला तर कॉर्टिसॉल आटेल. पहाटे जागे होताना, उपाशीपोटी साखर सांभाळताना, आजारात रक्तदाब टिकवताना ते लागते. ते पुरेसे नसेल आणि उपचारही मिळाले नाहीत, तर जीव जाऊ शकतो. आणि टेन्शनचे कारण जागच्या जागीच राहील.

हे आमच्या भागात सांगणे अधिक गरजेचे आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले, त्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वाशीम होता. येथे टेन्शन म्हणजे कर्ज, हुकलेला पाऊस, सोयाबीनचा भाव. ते सारे एका ठिपक्यात बसवले, की दोष डोक्यात शिरतो आणि बाहेरचे सगळे निर्दोष सुटते. म्हणून मेंदूचे चित्र वर्गात लावताना खडूने फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत: मेंदू कोणाचा? पेशी दिसल्या कशा? आणि तिथे असणे म्हणजे तिथे नेमके काय करणे?