धृतराष्ट्र : रूपक आणि अनुभव

धृतराष्ट्राचे अंधत्व बहुधा रूपक म्हणूनच वाचले जाते. ‘आंधळे पुत्रप्रेम’ या शब्दप्रयोगाने त्या वाचनावर शिक्कामोर्तबही केले आहे. हे वाचन चुकीचे नाही. विदुराचे उपदेश त्याला पोषकच आहेत. परंतु रूपकाचा अर्थ हाती आला की अनुभव नजरेआड होतो, आणि महाभारताने या व्यक्तिरेखेसाठी योजलेली रचना दुर्लक्षित राहते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या आधारे पाहता धृतराष्ट्राचा भावप्रवास तीन इंद्रियांतून घडतो. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास त्याला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ करतात. स्वजनांचा वध पाहण्याची इच्छा नाही, असे सांगून तो ती नाकारतो. येथे न पाहणे ही शारीरिक उणीव उरत नाही; ती निवड होते.

दृष्टी नाकारणाऱ्याच्या वाट्याला श्रवण येते. संजय आधी भीष्म पडल्याची वार्ता सांगतो आणि मग युद्धाचे वर्णन करतो. द्रोण व कर्ण यांच्या बाबतीतही हाच क्रम आहे. शेवट आधीच ठाऊक असल्याने धृतराष्ट्राच्या प्रश्नांत कुतूहल नाही. ‘हे कसे घडले?’ या पृच्छेत विलापच आहे. युद्धकथेतील भयानक आणि अद्भुत वाचकापर्यंत पोहोचते ते या शोकग्रस्त श्रोत्याच्या मार्फत.

तिसरे इंद्रिय स्पर्शाचे. दहा हजार हत्तींचे बळ असलेला हा योद्धा रणांगणावर उतरत नाही. त्याची एकमेव युद्धकृती स्त्रीपर्वात, युद्ध संपल्यावर येते. भीमाला आलिंगन देण्याच्या निमित्ताने तो लोखंडी प्रतिमा चिरडतो. त्याची छाती दुखावते, मुखातून रक्त येते. क्रोध ओसरताच भीम मेला असे समजून तो आक्रोश करतो. ती प्रतिमा दुर्योधनानेच करवून घेतली होती. पित्याच्या सूडाला पुत्राने घडवलेली वस्तूच बळी पडावी, यातील उपरोध केवळ रूपकवाचनाला गवसत नाही.

आश्रमवासिकपर्वात नाकारलेली दृष्टी परतते. भागीरथीच्या पाण्यातून मृत वीर वर येतात आणि धृतराष्ट्र आपले पुत्र प्रथमच पाहतो, तेही एका रात्रीपुरते. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये (१९६७) वनातील अखेरच्या दिवसांत गांधारीच्या डोळ्यांवरची पट्टी सुटते. व्यासांच्या कथेत दृष्टी ऋषिकृपेने येते, कर्व्यांच्या लेखनात दोन वृद्धांच्या संवादातून. दुसरी कल्पना आधुनिक मनाला जवळची वाटते. पण पहिलीतील क्रौर्य तिच्यात नाही. जिवंतपणी न पाहिलेले पुत्र मृतांच्या रूपातच दिसावेत, हे ते क्रौर्य.

आनंदवर्धनाने महाभारताचा प्रधान रस शांत मानला. धृतराष्ट्राच्या संदर्भात हा सिद्धांत तपासून पाहावा लागतो. स्वतःच्याच यज्ञाग्नीतून पेटलेला वणवा जवळ येतो, तेव्हा तो संजयाला दूर पाठवतो आणि गांधारी व कुंतीसह पूर्वाभिमुख बसून राहतो. या स्वीकारात शांतरस आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र ज्याच्या डोळ्यांनी त्याने युद्ध अनुभवले, त्या संजयालाच निरोप दिल्यावर ही शांती येते. अखेरचे दृश्य त्याला कोणीही वर्णन करून सांगत नाही.