वंशावळीतले बाण

लातूर-नांदेडकडे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी केलेल्या मुलाला रक्तपेशींची वंशावळ झोपेतही काढता येते. वर अस्थिमज्जेतील मूलपेशी, खाली फांद्या, टोकांना बी-पेशी, टी-पेशी, महाभक्षी पेशी. बाण सगळे वरून खाली. सराव हा लातूर पॅटर्नचा कणा, आणि अशी आकृती सरावाला सोयीची. आमची तक्रार त्या बाणांविषयी आहे.

बाण पाहून वाटते, पेशी एकदा बी-पेशी झाली की कायमचा शिक्का बसला. पण प्रतिपिंडांच्या व तत्सम जनुकांतील जुळवाजुळव सोडली, तर या सर्व पेशींतील जनुके तीच असतात. त्यांतली कोणती वाचायची, कोणती मिटलेली ठेवायची, हे डीएनएवर ठरावीक जागी बसणारी प्रथिने, म्हणजे प्रतिलेखन घटक, ठरवतात. बी-पेशीतले असे एक प्रथिन 'पॅक्स-५'. व्हिएन्नाच्या माइनराड बुसलिंगर यांच्या गटाने १९९९ साली दाखवले की, उंदरांच्या ज्या कोवळ्या बी-पेशींत ते नसते, त्यांच्यापासून टी-पेशी वा महाभक्षी पेशीही होऊ शकतात. २००७ साली याच गटाने पूर्ण वाढ झालेल्या बी-पेशींतून पॅक्स-५ काढून टाकले. त्या मागे सरकल्या आणि त्यांच्यापासून टी-पेशी झाल्या! बी-पेशीला आपली ओळख सतत राखावी लागते; पॅक्स-५ तिची जनुके चालू ठेवते, तशी परक्यांची बंदही ठेवते.

मग काही जण प्रत्येक पेशीपुढे एकेका 'मास्टर स्विच'चे नाव लिहून देतात. पाठांतरात एका रकान्याची भर, एवढेच. साहाय्यक टी-पेशींच्या एका प्रकाराचा असा स्विच म्हणजे गाटा-३. पण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने २०१० साली दाखवले की, सॅटबी-१ हे प्रथिन बीटा-कॅटेनिनला सोबत घेऊन गाटा-३चे जनुक चालू करण्यात भाग घेते; आणि बीटा-कॅटेनिन तर पेशीबाहेरून आलेल्या संदेशावर चालते. स्विच दाबणारे हात असे अनेक.

हा वाद केवळ आकृतीचा नाही. फॉक्सपी-३च्या जनुकात बिघाड झाला की नियामक टी-पेशी नीट घडत नाहीत आणि तान्ह्या मुलाची प्रतिकारशक्ती त्याच्याच आतड्यावर, स्वादुपिंडावर उलटते. या संशोधनाला २०२५चे नोबेल मिळाले.

वेळ नाही, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. तरी फळ्यावर एक तुटक बाण खालून वर काढावा आणि विचारावे : बी-पेशीतले पॅक्स-५ काढले तर?