पोरखेळ, जुगार आणि खेळ



आजचा विषय व्हिडिओ गेमच्या उद्योगाचा आहे आणि बोलायला उभा आहे तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला सत्तरीपलीकडचा माणूस. तुमच्यापैकी काहींना याचं हसू आलं असेल, आणि ते साहजिक आहे. पण या उद्योगाची पहिली अडचण पैशाची नाही, यंत्रांची नाही, ती संकल्पनेची आहे असं माझं मत आहे. आणि संकल्पनांची झाडलोट करणं हेच तर आम्हा लोकांचं काम. म्हणून आलो.

आधी वस्तुस्थिती बघू. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि होटगीपासून अक्कलकोटपर्यंत प्रत्येक पोराच्या हातात खेळाचं यंत्र आलं. मोबाईल हेच ते यंत्र. म्हणजे खेळणारे आपल्याकडे अफाट. पण ते जे खेळतात त्यातलं आपण बनवलेलं किती? नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ साली काढलेला 'लुडो किंग' घरोघरी पोहोचला, हे खरं. पण त्यानंतर नावं आठवायला तुम्हाला डोकं खाजवावं लागेल. गिऱ्हाईक मोठं आणि कारखाना लहान, हा प्रश्न आहे. असं का व्हावं?

पहिलं कारण शब्दात आहे. 'गेमिंग' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक, पैसे लावून खेळणं. दोन, स्पर्धेत खेळणं, ज्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात. तीन, खेळ रचणं, म्हणजे गोष्ट, चित्र, संगीत, गणित आणि संगणक एकत्र आणून एक कृती तयार करणं. आता बघा, तमाशाचा फड, कुस्तीचा फड आणि पत्त्यांचा अड्डा या तिघांना आपण एकाच कायद्याने आणि एकाच नजरेने तोलत नाही. इथे मात्र तोलतो.

जुगाराचा प्रश्न आपल्याला नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं आख्खं सूक्त आहे, आणि महाभारताचं सभापर्व तर तुम्हाला ठाऊकच आहे. आधुनिक काळात न्यायालयांनी कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद केला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात तो मांडला, १९६७ साली रमीला कौशल्याच्या बाजूला बसवलं, आणि त्या भेदाच्या आडोशाने पुढे ऑनलाइन पैशाच्या खेळांचा मोठा बाजार उभा राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून तो आडोसा काढून घेतला. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळवणंच बेकायदा. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. आणि मौज अशी, की या कायद्याच्या नावात 'प्रोत्साहन' हा शब्द आधी येतो, 'नियमन' नंतर. चर्चा मात्र सगळी बंदीचीच झाली.

या बंदीबद्दल मी रडणार नाही. ज्या घरात कर्त्या मुलाने पगार त्या ॲपमध्ये घातला, त्या घराला विचारा. पण उद्योगाच्या अंगाने एक गोष्ट नोंदवायला हवी. या देशात गेमिंगच्या नावाने जे भांडवल आलं, त्याचा मोठा ओघ पैशाच्या खेळांकडेच गेला. का नाही जाणार? जुगाराचा अड्डा पहिल्या दिवसापासून कमावतो. गोष्ट सांगणाऱ्या खेळाला तीन-चार वर्षं नुसतं जेवू घालावं लागतं, आणि तरी तो चालेल याची खात्री नाही. म्हणजे पाणी उसाला गेलं आणि ज्वारी कोरडी राहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरी अडचण धरसोडीची. २०२० च्या सप्टेंबरात 'पबजी मोबाईल'वर बंदी आली. तोच खेळ २०२१ मध्ये 'बीजीएमआय' या नावाने परत आला. २०२२ च्या जुलैत पुन्हा दुकानांतून काढला गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. सरकारकडे सुरक्षेची कारणं असतील, मी त्यात जात नाही. पण ज्या धंद्यात एखादा माल रातोरात गायब होऊ शकतो, तिथे पाच वर्षांचा पैसा कोण अडकवेल? आणि पबजी गेलं तेव्हा देशाभिमानाच्या लाटेवर 'फौजी' नावाचा बंगळुरूचा खेळ आला, २६ जानेवारी २०२१ ला. लाखो लोकांनी उतरवून घेतला, आणि काही दिवसांत तारांकन घसरलं. लोक देशद्रोही झाले होते का? नाही. खेळ अपुरा होता. झेंडा लावल्याने शिलाई पक्की होत नाही.

आता तिसरी आणि माझ्या मते खरी दुखरी नस. इचलकरंजीत 'खर्चीवाला' हा शब्द आहे. सूत व्यापाऱ्याचं, नमुना व्यापाऱ्याचा, कापडावर नाव व्यापाऱ्याचं. हा फक्त मजुरीवर विणून देतो. कसबात कमी नसतो. पण कापड कसं असावं हे ठरवण्याची वेळच त्याच्यावर येत नाही, आणि न वापरलेली शक्ती हळूहळू जाते. त्याउलट सोलापुरी चादर घ्या. नमुना इथला, नाव इथलं, भौगोलिक मानांकनही मिळालं. आज चादरीचा धंदा अडचणीत आहे, मान्य. पण नाव सोलापूरचं आहे म्हणून निदान कोणाची नक्कल होते आहे हे तरी कळतं.

पुणं आणि मुंबई या बाबतीत बराच काळ खर्चीवाली राहिली. परदेशी खेळांची झाडं, भिंती, चिलखतं, चाचण्या आपली मुलं करतात, आणि उत्तम करतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा पुण्यात २००८ पासून स्टुडिओ आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती करण्याचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, चित्रणावर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि २०२२ च्या मे महिन्यात काम माँट्रिआलला हलवलं गेलं. काही लोक म्हणाले, बघा, भारतीयांना जमत नाही. हा निष्कर्ष मला पटत नाही. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून बाही शिवून घेतली, त्याला एके दिवशी आख्खा कोट शिवायला सांगितला आणि पहिल्या कोटाचं माप चुकलं म्हणून कात्री काढून घेतली. शिकणं त्यातच असतं हो! पहिल्या कोटाला चुकायची मुभा असावी लागते, आणि ती मुभा मजुरीच्या धंद्यात नसते.

मुभा स्वतः घेणारेही निघाले. पुण्याच्याच 'नोडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' बघा. २०१७ साली लोकवर्गणी काढायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी त्यांनी सोडलं नाही, आणि २०२० साली खेळ आला. भावाला शोधत निघालेली एक डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. जगातल्या मोठ्या पुरस्कारांत पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं. मला यातली राजस्थानी वास्तू आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा फार आवडल्या. पण टीकाकार म्हणून हेही सांगितलं पाहिजे की शेवट अचानक तुटतो. अध्याय मिटावा तसा नाही, वीज जावी तसा. आणि दुर्गा-विष्णू आपसात इंग्रजी बोलतात! हिंदी आवाज आला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत. मराठी नाहीच. हा दोष मी त्या मुलांच्या पदरात टाकत नाही. त्यांना ठाऊक होतं की विकत घेणारा बाहेर आहे. मराठी माणूस खेळ फुकट खेळतो, आणि मराठीत मागत नाही.

इथून मी भाषेवर येतो. पोलंड हा काही फार मोठा देश नाही, लोकसंख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी. तिथे १९९४ साली 'सीडी प्रोजेक्ट' नावाची कंपनी निघाली. सुरुवातीला ते परदेशी खेळांच्या सीडी विकत. १९९९ साली त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा अवाढव्य खेळ पूर्णपणे पोलिश भाषेत आणला, नामवंत पोलिश नटांचे आवाज घेऊन. लोकांनी विकत घेतला. म्हणजे आधी भाषांतर, मग आपल्या भाषेत खेळ मागणारा गिऱ्हाईक, आणि मग २००७ साली स्वतःचा खेळ 'द विचर', आधार त्यांच्याच सापकोव्स्की या लेखकाच्या कथांचा. क्रम लक्षात घ्या. दुसरं उदाहरण चीनचं. तिथे २००० साली कन्सोलवर बंदी आली, ती पूर्ण उठायला पंधरा वर्षं गेली. तरी २०२४ मध्ये 'ब्लॅक मिथ : वुकोंग' आला आणि जगभर गाजला. त्याचं मूळ कशात आहे? धर्मग्रंथ आणायला भारताकडे निघालेल्या भिक्षूच्या जुन्या चिनी कादंबरीत. आपल्याकडे येणाऱ्या वाटसरूची गोष्ट त्यांनी खेळात घातली, आणि आपण अजून प्रस्तावनेवरच आहोत.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं ठीक, पण मुळात मुलांनी खेळावं असं तुमचं म्हणणं आहे काय? हा आक्षेप पोकळ नाही. खेळाच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात जागा दिली आहे, २०२२ पासून ते लागू आहे. आईबापांची भीती खरी आहे. पण त्या भीतीशेजारी एक तुच्छताही बसलेली असते, आणि तिला आपण वेगळं काढलं पाहिजे. तिचं नाव 'पोरखेळ'.

मराठीत या शब्दाने घात केला आहे. आणि गंमत म्हणजे त्याच मराठीत 'खेळ' या शब्दाचा केवढा मान होता! नाटकाचा खेळ, सिनेमाचा संध्याकाळचा खेळ, तमाशाचा खेळ. म्हणजे जे दाखवायचं, ज्यात रंगायचं, ते खेळ. परंपरा सांगते की मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला. ते इतिहासाच्या कसोटीवर उतरो न उतरो, समाजाने एका संताच्या नावावर खेळ जमा केला यातच त्या समाजाची दृष्टी दिसते. शिडी म्हणजे गुण, साप म्हणजे दोष, वरच्या घरात मोक्ष. तोच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात गेला आणि पुढे निव्वळ सापशिडी झाला. वेदान्तात सृष्टीलाच लीला म्हटलं आहे. डच इतिहासकार हायझिंगा याने १९३८ साली आख्खा ग्रंथ लिहून दाखवलं की संस्कृतीच्या मुळाशी खेळ आहे. आणि आपण मुलाला म्हणतो, खेळ सोड, काहीतरी कर!

सिनेमालाही हेच ऐकावं लागलं होतं. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिश्या गहाण ठेवल्या, घरच्या बाईमाणसाने रात्री जागून फिल्मला भोकं पाडली, तेव्हा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात निघाली, आणि तिच्या 'संत तुकाराम'ला १९३७ साली व्हेनिसमध्ये मान मिळाला. सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट प्रभातच्या जागेवर आली ती १९६० साली. म्हणजे आधी वेडे आले, मग प्रेक्षक आले, मग त्यावर भांडणारे, लिहिणारे आले आणि शेवटी इमारत आली.

आपण आता उलट क्रमाने निघालो आहोत. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटी रुपयांचं, २०५० पर्यंतचं. मुंबईत केंद्राची नवी संस्था निघाली. स्वागत आहे. पण त्यातला पैसा भूखंडात आणि काचेच्या इमारतींत मुरला, तर आपण जास्त खर्चीवाले तयार करू, एवढंच होईल. माझी मागणी साधी आहे. पाच-सात जणांच्या लहान गटांना लहान रकमा द्या, पहिला नमुना करायला, आणि तो फसला तर वसुली लावू नका. अट एकच घाला, खेळ मराठीतही असला पाहिजे. अभ्यासक्रमात नुसती सॉफ्टवेअरची बटणं शिकवू नका. नियम कसा रचायचा, हरणं सुसह्य कसं करायचं, गोष्ट खेळणाऱ्याच्या हातात किती द्यायची, हे शिकवा. ते शिकवायला नाटकवाला लागेल, गणितवाला लागेल, कीर्तनकारसुद्धा चालेल.

आणि एक काम सरकारचं नाही, आपलं आहे. 'राजी'वर तुम्ही किती मराठी परीक्षणं वाचलीत? पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'चा 'इंडस' २०२४ च्या ऑक्टोबरात आला. त्यावर मराठीत किती जण भांडले? ज्या कलेवर भाषेत वाद होत नाही, ती कला त्या भाषेत राहत नाही. नाटक आपल्याकडे वाढलं त्यात नाटककाराइतकाच वाटा पिटातून ओरडणाऱ्याचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात झोडपणाऱ्याचा आहे. तर इथे बसलेल्या, आणि पुढे हे व्याख्यान वाचणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे की खेळता ना? मग लिहा. खेळ कुठे खोटा वाटला, कुठे उगाच पैसे मागतो, कुठे डोळ्यांत पाणी आलं, ते लिहा. मराठीत लिहा. अवघड जातं? जाऊ दे. शब्द नसतील तर घडतील.

होटगी हे जंक्शन आहे. इथून एक फाटा विजापूर-गदगकडे जातो, एक वाडीकडे. इथला मुलगा मराठी, कन्नड, तेलुगू आणि वर हिंदी असं चार भाषांत सहज वावरतो. अशा मुलाला पुण्यात नेऊन फक्त दुसऱ्याच्या राजवाड्याच्या विटा रंगवायला बसवणं हा नुसता उद्योगाचा तोटा नाही. त्याच्याकडे सांगायला काय होतं हे कोणी विचारलंच नाही, हा खरा तोटा आहे. तो पैशात मोजता येत नाही, म्हणून कुठल्याही धोरणात दिसत नाही.

आता तुम्ही विचारा. आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी आधी विचारावं असं नाही. मागे दाराशी मोबाईल घेऊन उभी आहेत त्या पोरांपासून सुरुवात करू.