मागे घेतलेली बोली आणि कांद्याचा भाव : एक चिकित्सा

लिलावात लावलेली बोली मागे घेण्याची मुभा असावी की नसावी, हा प्रश्न संगणकीय लिलावांच्या प्रसारानंतर अर्थशास्त्रीय लेखनात नव्याने चर्चिला गेला. ‘ईबे’सारख्या संकेतस्थळावर सर्वोच्च बोली रद्द झाली की उरलेल्या बोलींवरून किंमत पुन्हा ठरते. त्यामुळे चर्चा बहुधा दोन शक्यतांभोवती फिरते : मुभेमुळे बोली लावणारे धीट होऊन किंमत चढते, किंवा फसव्या चढ्या बोलीने इतरांची कमाल तयारी जाणून घेऊन ऐनवेळी काढता पाय घेतला जातो. प्रस्तुत लेखात या चर्चेमागील एका गृहीताची चिकित्सा करावयाची आहे. वरची बोली गेली तरी खालची बोली शाबूत असते, हे ते गृहीत होय. नाशिक जिल्ह्यातील कांदा बाजारात ते टिकत नाही.

लासलगाव येथील बाजार समिती १९४७ पासून कार्यरत आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीतील मोकळ्या कांद्याचा लिलाव तेथे उघड पुकाऱ्याने होतो. व्यापारी वरचा कांदा हाताळून पाहतात, क्विंटलमागे भाव पुकारला जातो आणि सौदा इतक्या थोड्या वेळात तुटतो की बोली मागे घ्यावयास फारशी सवडच नसते. खरी माघार त्यानंतर, व्यापाऱ्याच्या खळ्यावर घडते. ट्रॉली रिकामी होताना खालचा माल बारीक, ओलसर वा कोंब आलेला निघाला, असे सांगून भाव कमी करण्याची मागणी होते. यालाच या भागात ‘वांधा’ म्हणतात. तो कोणत्याही संहितेत बोलीची माघार म्हणून नोंदला जात नाही. परिणामाने मात्र तो तीच गोष्ट आहे.

कायद्याची भूमिका येथे दुहेरी आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंतच बोली मागे घेता येते. इंग्लंडमधील ‘पेन विरुद्ध केव्ह’ (१७८९) या निवाड्यापासून हे तत्त्व रूढ आहे. परंतु त्याच अधिनियमाचे कलम १७ सांगते की नमुन्यावरून झालेल्या विक्रीत संपूर्ण माल नमुन्याशी जुळला पाहिजे. मग ट्रॉलीचा वरचा थर हा नमुना मानावयाचा काय? मानला, तर व्यापाऱ्याची तक्रार रास्त ठरू शकते; न मानला, तर सौदा तुटल्यावर भावात एक रुपयाही कमी करता येणार नाही. सगळा वांधा या संदिग्धतेवर उभा आहे.

मात्र वांध्यात भाव किती उतरतो, हे केवळ मालाच्या दोषावर ठरते असे मानणे भाबडेपणाचे आहे. समजा, १,५०० रुपयांची बोली लागली व त्याखालची १,४८० ची होती. संगणकीय लिलावात पहिली बोली गेल्यास दुसरी उभी राहते. पुकाऱ्याच्या लिलावात वरची बोली लागताच खालची संपुष्टात येते. खळ्यावर शेतकऱ्यासमोर एकच गिऱ्हाईक असते. भाड्याचा ट्रॅक्टर ताटकळतो आणि ट्रॉली पुन्हा लिलावात नेल्यास ‘परत आलेला माल’ म्हणून तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. अशा वेळी १,३०० वर तडजोड झाली, तर त्यातील किती रुपये खराब कांद्याचे आणि किती अगतिकतेचे? केवळ बोलीच्या नोंदी पाहणाऱ्या अभ्यासकाला हे कधीच कळणार नाही. बोलीवरून जाहीर झालेले किमान, कमाल व सर्वसाधारण भाव आधारभूत धरणाऱ्या संशोधनाने निदान हा प्रश्न तरी विचारावयास हवा.

व्यापाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. वांधा सरसकट बंद केला, तर न दिसणाऱ्या मालाची जोखीम प्रत्येक बोलीत आधीच वजा होईल आणि निवडून-पाखडून माल आणणाऱ्या शेतकऱ्याला इतरांच्या खालच्या थराची किंमत मोजावी लागेल. अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी मांडलेला युक्तिवाद कांद्यालाही लागू पडतो. म्हणून बंदीचा आग्रह मला अपुरा वाटतो. माघारीला किंमत असावी, हे अधिक सयुक्तिक आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९४ पासून घेतलेल्या ध्वनिलहरी परवान्यांच्या लिलावांत बोली मागे घेणाऱ्याकडून, परवाना पुढे कमी किमतीस गेल्यास, फरकाची रक्कम वसूल करण्याचा नियम होता. कांद्यासारख्या नाशवंत मालास तो जसाच्या तसा लावता येणार नाही; पण दुसऱ्या क्रमांकाची बोली वजन होईपर्यंत बंधनकारक ठेवणे अवघड नाही. तसे झाल्यास वर घेतलेल्या उदाहरणातील शेतकरी १,३०० ऐवजी १,४८० वाल्याचे खळे गाठू शकेल. तोही माल पाहून हरकत घेईल, हे खरे. परंतु दोघांनीही तोच दोष दाखविला तरच तो दोष मालाचा मानता येईल.

१४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय कृषी बाजाराच्या योजनेत बोली पडद्यावर येत असल्याने दुसरी बोली जपणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. परंतु ट्रॉलीच्या तळापर्यंतची प्रतवारी लिलावापूर्वी न करता केवळ पुकारा पडद्यावर नेला, तर दूरच्या शहरात बसून बोली लावणारा व्यापारी कांदा प्रथम पाहील तो माल उतरवून घेतानाच. आणि तोवर ट्रॉली रिकामी होऊ लागलेली असेल.