एका शीर्षकातला 'आणि'

"चालल्याने म्हातारपणी मेंदू वाढतो." हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल. त्याच्या पाठीशी हमखास दिला जाणारा पेपर म्हणजे कर्क एरिक्सन, आर्थर क्रेमर आणि सहकाऱ्यांचा, 'पीएनएएस'मध्ये २०११ साली आलेला. त्याचं शीर्षकच सांगतं की व्यायामाने हिप्पोकॅम्पसचा आकार वाढतो आणि स्मरणशक्ती सुधारते.

मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य जसंच्या तसं टाकलं होतं. गाइडनी 'आणि'भोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, "दोन्ही गोष्टी कुठल्या आकृतीत दिसल्या?" मला सांगता आलं नाही. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी पेपरचं श्रेय पेपरला. ५५ ते ८० वयाची १२० माणसं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एक गट वर्षभर चालला, दुसऱ्याने ताण देण्याचे हलके व्यायाम केले. म्हणजे नियंत्रण गटाला घरी बसवलं नाही. लोकांत मिसळणं, प्रशिक्षकाचं लक्ष या गोष्टी दोघांनाही मिळाल्या. सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने असे तीनदा एमआरआय झाले. तरुण आणि म्हातारे यांचे एकेकदाच स्कॅन काढून 'वयाचा परिणाम' सांगणाऱ्या अभ्यासांपेक्षा हे कितीतरी भक्कम आहे.

निकाल काय आला? चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा साधारण १.४ टक्क्यांनी घटला. दोन गटांमधला हा फरक खरा आहे. शीर्षकाचा पहिला अर्धा भाग पास.

आता दुसरा अर्धा. स्मरणशक्तीची चाचणी अशी होती: पडद्यावर क्षणभर एक ते तीन ठिपके दिसतात आणि त्यांच्या जागा लक्षात ठेवायच्या. यात चालणारे सुधारले, आणि न चालणारेही सुधारले. दोन गटांच्या सुधारणेत सांख्यिकीदृष्ट्या दखलपात्र फरक नाही.

इथे जरा थांबा. ज्यांचा हिप्पोकॅम्पस आकसला, त्यांचीही स्मरणशक्ती सुधारली! एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिल्यावर माणूस तिला सरावतो, त्यामुळे हे नुसतं सरावानेही होऊ शकतं. मग आकार आणि स्मरण यांचा संबंध लेखक कशावर टेकवतात? चालणाऱ्या गटाच्या आतल्या सहसंबंधावर: ज्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त वाढला, ते चाचणीतही जास्त सुधारले. पण चिठ्ठ्या टाकल्याचा फायदा दोन गटांची तुलना करतानाच मिळतो. एकाच गटाच्या आत शिरलात की तो संपला, उरतो तो साधा सहसंबंध. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात कोएन, लॉलर आणि केनी यांनी पत्र लिहून नेमका हाच आक्षेप घेतला. ते पत्र मात्र फार कमी लोक सोबत वाचतात.

मला वाटतं, आंतरविद्याशाखीय संशोधनाची ही खास जोखीम आहे. व्यायामवाला चालण्याचा कार्यक्रम तपासतो, इमेजिंगवाला आकारमान मोजण्याची पद्धत बघतो, मानसशास्त्रवाला चाचणी. आपापला तुकडा सगळे नीट बघतात. दोन तुकड्यांमधला सांधा मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. आणि दावा तर त्या सांध्यावरच उभा असतो.

यावरून चालणं व्यर्थ आहे असं म्हणू नका, तीही तितकीच मोठी चूक होईल. गटांत फरक दिसला नाही म्हणजे परिणाम नाहीच, असं सिद्ध होत नाही. पण कोणाच्या आजोबांना "रोज चाला, विसरणार नाही" असं सांगायला हा पेपर पुरत नाही. रोज चालूनही विसरायला लागलेल्या माणसाला ते वाक्य दोष दिल्यासारखं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

तेव्हा पुढचा पेपर उघडाल तेव्हा शीर्षकातले दावे सुटे करा. प्रत्येक दाव्यासाठी गट आणि काळ यांची इंटरॅक्शन शोधा. 'या गटात बदल दिसला' यावर समाधान मानू नका, 'त्या गटापेक्षा जास्त दिसला का' हे विचारा. आणि छापून आलेला आक्षेप पेपरसोबतच वाचा. माझ्या सिनॉप्सिसमध्ये आता त्या एका वाक्याची दोन वाक्यं झाली आहेत, आणि दुसऱ्याची सुरुवात 'मात्र'ने होते.