आतून गोरा

काळ्या अमेरिकेशी दलित साहित्याचे नाते आपण पुष्कळदा सांगतो. १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या चर्चासत्रांत ओळखीची आहेत. पण गोऱ्या लेखकाने काळा माणूस कसा रंगवला, गोऱ्या-काळ्यांची मैत्री कशी रंगवली, इकडे आपले लक्ष कमी गेले. अशा लेखकाविषयी आपण एकतर भारावून बोलतो, नाहीतर त्याला एका वाक्यात मोडीत काढतो. दोन्हींत वाचायचे राहून जाते.

मार्क ट्वेनची ‘हकलबरी फिन’ ही कादंबरी इंग्लंडात १८८४ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १८८५ साली प्रसिद्ध झाली. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. कथानक मात्र त्याआधीचे, मिसिसिपी नदीकाठच्या गुलामी मुलखातले आहे. दारुड्या बापाच्या माराला कंटाळून पळालेला हक हा गोरा पोरगा आणि मालकीण आपल्याला आठशे डॉलरला दक्षिणेत विकणार हे कानावर पडल्यामुळे पळालेला जिम, असे दोघे एका तराफ्यावरून नदीने खाली जातात. मी बी.ए.च्या वर्गात ही कादंबरी शिकवतो. गाइडांमध्ये तिचे सार ठरलेले आहे : निरागस मुलगा समाजाच्या पूर्वग्रहावर मात करतो आणि गुलामाला मित्र मानतो. माझे म्हणणे असे की हक पूर्वग्रहावर मात करीत नाही. तो एका माणसाला पूर्वग्रहातून सूट देतो. ट्वेनला हा फरक ठाऊक होता. गाइड लिहिणाऱ्यांना नाही.

ही मैत्री खोटी आहे असे मात्र कुणी समजू नये. धुक्यात दोघांची चुकामूक होते. परत आल्यावर हक जिमची थट्टा करतो, तुला स्वप्न पडले असेल म्हणतो. जिम त्याला सरळ सुनावतो, कारण हा पोरगा बुडाला म्हणून त्याचे काळीज फाटले होते. पंधरा मिनिटे स्वतःशी झगडून हक त्याची माफी मागतो. गोऱ्या पोराने गुलामाची माफी मागावी ही त्या मुलखात लहान गोष्ट नव्हे. हा प्रसंग मी वर्गात सावकाश वाचून दाखवतो.

पण लगेच पुढच्या प्रकरणात जिम सांगतो की सुटका झाल्यावर तो पैसे साठवून बायकोला विकत घेईल, मग दोघे राबून दोन मुलांना विकत घेतील आणि मालकाने दिली नाहीत तर कुणाकडून तरी ती पळवून आणवतील. हक हादरतो. ज्याने आपले काही वाईट केले नाही अशा माणसाच्या मालमत्तेची ही चोरी, असे त्याला वाटते. बापाने स्वतःची लेकरे चोरायची! जिमला पकडून द्यायचे म्हणून तो होडीत बसतो. वाटेत पळालेले गुलाम शोधणारे दोघे भेटतात आणि विचारतात, तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा? हक म्हणतो, गोरा. वर तिथे देवीची साथ असल्याचा संशय निर्माण करतो. ते दोघे भिऊन एका फळीवर वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवून त्याच्याकडे सोडतात. चाळीस डॉलर. हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढे हक जिमच्या मालकिणीला पत्ता कळवणारे पत्र लिहितो, ते फाडतो आणि यासाठी नरकात जावे लागले तरी जाईन असे ठरवतो. बहुतेक समीक्षक इथे येऊन थांबतात. पण पुढच्याच प्रकरणात हक एका बाईला थाप मारतो की आगबोटीत स्फोट झाला. कुणाला इजा झाली का, ती विचारते. नाही, एक काळा तेवढा मेला, असे तो सांगतो. बाई म्हणते, नशीब, कधी कधी माणसांना इजा होते. आता ही थापच आहे, हे खरे. परंतु थाप पटावी म्हणून तो जे बोलतो ते बोलताना त्याला काहीच टोचत नाही. जिमसाठी नरक पत्करणाऱ्याला तो दुसरा काळा माणूस, कल्पनेतला का होईना, माणूस म्हणून दिसत नाही.

शेवटाकडे टॉम सॉयरच्या पायाला गोळी लागते. पळून जायची संधी समोर असताना जिम डॉक्टर आल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. तेव्हा हकच्या मनात येते की हा आतून गोराच आहे, हे मला माहीतच होते. म्हणजे हक जिमला दोनदा गोरा ठरवतो. पहिल्यांदा ती थाप असते आणि तिने जिमचा जीव वाचतो. दुसऱ्यांदा ते मनापासूनचे कौतुक असते, आणि त्यात जिमच्या साऱ्या जमातीचा अपमान असतो. मला हकची थाप अधिक प्रिय आहे.

हे कौतुक मला परके नाही. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. नोकरीच्या सुरुवातीला एक सहकारी होता; माझ्या डब्यातली भाकर मागून खायचा, आजारपणात रात्रभर उशाशी बसला. तोच एकदा प्रेमाने म्हणाला, सर, तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही. त्यांच्यातले म्हणजे माझी आई, माझे भाऊ, आमची सगळी वस्ती. त्याच्या मैत्रीविषयी मला आजही शंका नाही. तिने त्याचे मत तसूभरही हलवले नव्हते, एवढेच.

ट्वेन हे निर्दयपणे दाखवतो. पकडलेल्या जिमची डॉक्टर तोंड भरून स्तुती करतो. ती ऐकून जमलेली माणसे कबूल करतात की यापुढे त्याला शिव्या देणार नाही. एखाददुसरी बेडी तरी काढतील असे हकला वाटते. ते कुणाच्या डोक्यातही येत नाही. सहानुभूतीच्या साहित्यावर आपण पानेच्या पाने लिहिली, पण इतके नेमके क्वचितच कुणी लिहिले असेल.

आणि ते चाळीस डॉलर. बनावट राजा जिमला विकतो तो चाळीस डॉलरला. मालकीण मेली, मरताना तिने जिमला मुक्त केले, हे टॉमला आधीपासून माहीत असते. तरी सुटकेच्या नाटकाची मौज हवी म्हणून तो ते लपवतो आणि जिमला उंदीर-सापांच्या संगतीत कोंडून ठेवतो. शेवटी नीट कैदी झाल्याबद्दल त्याच्या हातावर चाळीस डॉलर ठेवतो. जिम खूश होतो. गाइडे याला सुखान्त म्हणतात. शेवटच्या प्रकरणात तिघांनी नव्या साहसाला जायचे बेत होतात; जिमच्या बायकोचे आणि मुलांचे नाव कुणी काढत नाही, जिमसुद्धा नाही. त्या जिमलाच मागे तापाने बहिऱ्या झालेल्या लेकीला आपण मारले म्हणून रडताना आपण पाहिलेले असते. कारण सांगणारा हक आहे. जिमचे जेवढे हकच्या कानी पडते तेवढेच पुस्तकात येते.

२०११ साली अमेरिकेत या कादंबरीची एक आवृत्ती निघाली. तीत काळ्यांसाठीचा तो घाणेरडा शब्द काढून ‘गुलाम’ घातला आहे. शब्द बदलला की काम भागले असे मानणारे आपल्याकडेही होऊन गेले, ‘हरिजन’ त्यांचाच.

खरे उत्तर पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने ‘जेम्स’ (२०२४) या कादंबरीत दिले. तिला २०२५ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. इथे सांगणारा जिमच आहे आणि तो लिहू-वाचू शकतो. अडाण्याची बोली तो फक्त गोऱ्यांसमोर बोलतो, आपल्या मुलांनाही ती जीव वाचवण्याची विद्या म्हणून शिकवतो. त्याला लिहिण्यासाठी एक गुलाम पेन्सिलीचा तुकडा चोरून आणून देतो आणि त्यापायी फासावर जातो. या एका प्रसंगासाठी ती प्रत्येक वसतिगृहात असावी. हा जेम्स बायको-मुलीला शोधायलाही निघतो.

माझी तक्रार एकच आहे. एव्हरेट पुढे जेम्सला हकचा जन्मदाता बाप ठरवतो. त्यामुळे जेम्स त्याच्यासाठी जीव धोक्यात का घालतो याला पटणारे कारण मिळते, पण परक्या माणसाशी मैत्री होऊ शकते की नाही हा प्रश्न रक्ताच्या नात्यात विरून जातो. हकच्या आयुष्यात जिमचा कुणीच नसलेला जिम होता म्हणून तर धुक्यानंतरच्या त्या माफीला मोल होते.