तारेखालचे झाड : दोन अधिनियम आणि एका जाहीर सूचनेचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत वीजवाहिन्यांच्या पावसाळापूर्व देखभालीचे काम हाती घेतले जाते. तारांमधील झोळ काढणे, तडे गेलेल्या चिनी मातीच्या चिमण्या बदलणे, रोहित्रांची तपासणी करणे आणि तारांजवळच्या फांद्या छाटणे ही या कामाची प्रमुख अंगे होत. पहिल्या तीन कामांना अभियांत्रिकीने मोजमाप दिले आहे. चौथ्या कामाला मात्र ‘छाटणी’ या एका शब्दापलीकडे फारसे काही लाभलेले नाही. फांदी कोठे कापावी, किती कापावी आणि कापल्यानंतर झाडाचे काय होते, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. ते का विचारले जात नाहीत, याचे एक उत्तर या कामाला आधार देणाऱ्या संहितांच्या भाषेत सापडते. विद्युत अधिनियम, २००३ मधील कलम ६८. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. आणि वीज बंद ठेवण्याविषयीची जाहीर सूचना, या तीन संहितांचे चिकित्सक वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिसराची पार्श्वभूमी

या परिसराचा विजेशी संबंध जुना आहे. रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी ठाकुर्ली येथील चोळे वीजकेंद्र १९२९ साली उभे राहिले. पुढे पडघे आणि कळवा येथील ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रांमुळे हा भाग राज्याच्या पारेषण व्यवस्थेतील महत्त्वाचा दुवा बनला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी याच भागातील पारेषण वाहिन्यांवरील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील वीजपुरवठा खंडित झाला. त्या घटनेस झाडे कारणीभूत नव्हती. तथापि येथील तारांवर किती मोठे नागरी जीवन अवलंबून आहे, हे त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आले. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. वसाहती, रस्ते, झाडे आणि तारा यांची वाढ येथे एकत्रच झाली. परंतु या चौघांची आखणी एका नकाशावर झाली नाही. गुलमोहर, वर्षावृक्ष, पेल्टोफोरम यांसारखी विस्तार पावणारी झाडे आणि खांबांवरील तारा रस्त्याची एकच कड वाटून घेत आहेत.

पहिली संहिता : अडथळा म्हणून झाड

विद्युत अधिनियम १० जून २००३ रोजी अंमलात आला. त्याच्या कलम ६८ च्या पोटकलम (५) नुसार, वीजवाहिनीजवळील झाड वीजवहनात अडथळा आणत असेल अथवा आणण्याचा संभव असेल, तर परवानाधारकाच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनाने विनिर्दिष्ट केलेला प्राधिकारी ते झाड हटवू शकतो अथवा त्याला योग्य वाटेल त्याप्रमाणे व्यवस्था करू शकतो. झाड वाहिनीच्या आधीपासून तेथे असल्यास वाजवी भरपाईची तरतूद पोटकलम (६) मध्ये आहे.

ही शब्दयोजना बहुतांशी १९१० च्या भारतीय वीज अधिनियमातील कलम १८ वरून आलेली आहे. जवळजवळ शतकभरात वीजतंत्र आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही पालटले. झाडाविषयीचे वाक्य मात्र तसेच राहिले. या वाक्यात झाड केवळ ‘अडथळा’ या रूपाने येते. निर्णयाचा निकष अधिकाऱ्यास योग्य वाटणे हा आहे. छाटणीच्या पद्धतीचा त्यात उल्लेख नाही. एका झाडापुरता वाद मिटविण्यासाठी ही रचना पुरेशी आहे. दरवर्षी हजारो झाडांवर करावयाच्या नियमित कामाचे मार्गदर्शन तिच्यातून मिळत नाही.

दुसरी संहिता : मालमत्ता म्हणून झाड

१९७५ च्या अधिनियमाची भूमिका याच्या उलट दिसते. त्यात झाड तोडणे या संज्ञेत जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे यांचा समावेश आहे. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना अशी यंत्रणा या अधिनियमाने दिली. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी ‘वारसा वृक्ष’ ही संकल्पना आणली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु येथेही झाड ही मोजायची आणि राखायची वस्तू आहे. तारेजवळचे झाड जिवंत ठेवून त्याला वळण कसे लावावे, याविषयी ही संहिताही मौन पाळते.

दोन्ही अधिनियमांतील व्याख्या शेजारी ठेवल्या असता विसंगती स्पष्ट होते. विद्युत अधिनियमाच्या लेखी झुडूप, कुंपण आणि रानवाढ ही सर्व ‘झाड’च होत. १९७५ च्या अधिनियमात मात्र विशिष्ट जाडी व उंची गाठलेली, खोड असलेली बहुवर्षायू वनस्पतीच झाड ठरते. विद्युत अधिनियमाचे कलम १७४ त्यास इतर विसंगत कायद्यांवर वरचढ ठरविते, असे उत्तर दिले जाईल. पण ज्या प्रश्नावर दोन्ही संहिता गप्प आहेत, तेथे वरचढ ठरण्यासारखे काही उरतच नाही. प्रत्यक्षात तो प्रश्न कोयता हाती असलेल्या कामगारावर सोपविला जातो.

तिसरी संहिता : कर्ता नसलेली सूचना

वीज बंद ठेवण्याच्या जाहीर सूचनेत फिडरचे नाव, विभाग आणि वेळ दिलेली असते. कारण म्हणून देखभाल-दुरुस्ती व वृक्षछाटणी असे लिहिलेले असते. किती झाडे, कोणती झाडे, कोणाच्या देखरेखीखाली, हे त्यात नसते. वाक्ये बहुधा कर्मणी प्रयोगात असतात. फांद्या ‘छाटल्या जातात’, छाटणारा दिसत नाही. वाचकाला आपली गैरसोय कळते, काम कळत नाही.

‘छाटणी’ या शब्दाचा मराठीतील पूर्वेतिहास येथे आठवावा. नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो, तेव्हा काडीवरील डोळे मोजून कापतो. पुढे काय फुटावे, याचा विचार त्या शब्दात अंतर्भूत आहे. शहरातील तारेखाली आलेल्या ‘छाटणी’ने नेमका हाच विचार गमावला आहे.

भाषेचा परिणाम

शेंडा सरसकट उडविल्यास झाड जखमेजवळून अनेक कोवळे फुटवे जोमाने फेकते. हे फुटवे मूळ फांदीइतके घट्ट जोडलेले नसतात आणि पावसाळ्यात झपाट्याने तारेकडे वाढतात. एकाच बाजूने कापलेल्या झाडाचा तोल बिघडतो. मे महिन्यातील ताज्या जखमा पुढे सतत ओलाव्यात राहतात व बुरशीला वाट मिळते. म्हणजे पुरवठ्याच्या रक्षणासाठी केलेली कृती पुढील वर्षांच्या धोक्याची पेरणी ठरू शकते. अमेरिकन वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी फांदीच्या मुळाशी असलेली कंठासारखी फुगीर कड न दुखावता, फांदी तिच्या सांध्यापाशी कापण्याचा आणि वाढीला तारेपासून दूर वळविण्याचा आग्रह धरला. १९९० मध्ये त्यांनी वीजवाहिन्यांजवळील छाटणीसाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली.

दुसऱ्या बाजूचे गांभीर्यही नाकारता येणार नाही. पावसात ओली फांदी तारेला टेकली की ती जीवघेणी ठरू शकते. उन्हाने व वाढत्या भाराने तार तापते, लांबते आणि तिचा झोळ वाढतो. म्हणून डिसेंबरात दूर दिसणारी फांदी मे महिन्यात जवळ आलेली असते. विद्युत अधिनियम अंमलात आल्यानंतर दोनच महिन्यांनी, १४ ऑगस्ट २००३ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टच्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या. पुढे घडलेल्या साखळी बिघाडात अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर तेथे पारेषण मार्गांवरील वनस्पती व्यवस्थापनाचे बंधनकारक मानक आले. आपल्याकडे वनजमिनीतील वाहिन्यांसाठी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत आकडे आहेत : ११ किलोव्होल्टसाठी ७ मीटर आणि २२० किलोव्होल्टसाठी ३५ मीटर रुंदीचा पट्टा, तार व झाड यांत अनुक्रमे २.६ व ४.६ मीटर अंतर. जुन्या डोंबिवलीच्या गल्लीत सात मीटरचा पट्टा मोकळा ठेवणे शक्य नाही. त्यामुळे जेथे मोजमापाची सर्वाधिक गरज आहे, तेथेच वनातील मोजमाप निरुपयोगी ठरते.

काय करता येईल

पहिली गोष्ट, वृक्षगणनेत झाडाचे तारेपासूनचे अंतर आणि त्याचे अंदाजे वय यांची नोंद व्हावी. वयाची नोंद वारसा वृक्ष ठरविण्यास आणि झाड आधीचे की तार आधीची, हा भरपाईचा प्रश्न सोडविण्यास सारखीच उपयोगी पडेल. दुसरी गोष्ट, छाटणी वर्षभराच्या वेळापत्रकात विभागावी; मे महिन्यात केवळ तातडीचे काम उरावे. तिसरी गोष्ट, तारेखालील नव्या लागवडीसाठी पारिजातक, तगर, कण्हेर यांसारख्या मर्यादित उंचीच्या जाती निवडाव्यात. चौथी गोष्ट, दाट झाडीच्या रस्त्यांवर उघड्या तारांऐवजी आवरणयुक्त एरियल बंच केबलचा विचार व्हावा. भूमिगत केबल हा सर्वत्र निर्दोष उपाय नव्हे. चर खणताना मुळे तुटली तर वरून अखंड दिसणारे झाड वादळात उन्मळून पडते.

निष्कर्ष

एक संहिता झाडाला अडथळा म्हणते, दुसरी मालमत्ता म्हणते आणि तिसरी त्याचा केवळ उल्लेख करते. झाड ही वाढत राहणारी सजीव वस्तू आहे, ही साधी गोष्ट तिन्हींतून निसटली आहे. परिणामी तारतंत्रीची सुरक्षितता, ग्राहकाचा पुरवठा आणि रस्त्याची सावली ही परस्परविरोधी हिते भासतात. वस्तुतः योग्य ठिकाणी दिलेला एक काप तिन्हींचे रक्षण करतो. हा विषय एकट्या विद्याशाखेच्या आवाक्यातील नाही. वनस्पतिशास्त्र, भौतिकशास्त्र, विधी आणि भाषा या विभागांतील प्राध्यापकांनी आपल्याच महाविद्यालयाच्या आवारातील तारेखालच्या झाडांची एकत्रित नोंद करून प्रारंभ केला, तर वृक्ष अधिकारी आणि वीज अभियंता यांच्यापुढे ठेवण्याजोगी चौथी संहिता तयार होईल. तीत छाटणीला तिचे मोजमाप परत मिळावे, एवढीच अपेक्षा.